दोन सेकंदांचा हिशेब: पाइपमधली वळणे आणि शेवटचा नळ



सातपुड्यातील, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी भागातील एका पाड्याच्या पाणी योजनेसाठी तुमच्यापैकी अनेकांनी प्रार्थना केली आणि आपल्या कमाईतून देणगी दिली. ही योजना एप्रिलच्या अखेरीस सुरू झाली. टाकीत पाणी पडले त्या दिवशी पाड्यावरच्या मुलांनी केलेला आरडाओरडा अजून माझ्या कानांत आहे. आम्ही तिथेच उभे राहून देवाचे आभार मानले.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा सर्वांत वरच्या घरातली एक आजी रिकामा हंडा घेऊन नाल्याकडे निघालेली दिसली. मी विचारले, "आजी, नळ आहे ना दारात?" ती थांबली आणि म्हणाली, "नळ आहे दादा. पाणी खालच्या घरांपुरतंच येतं."

ती रागावलेली नव्हती, म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागले. यात विजेचा दोष नव्हता, पाड्यातल्या लोकांचा नव्हता आणि ज्यांच्याकडून पंप घेतला त्यांचाही नव्हता. हिशेब आमचा चुकला होता, आणि तो मीच मांडला होता. काय चुकले आणि ते कसे सुधारले, हे या लेखात सांगतो. तुमच्या देणगीतून पुढेही अशा योजना होणार आहेत, म्हणून हे तुम्हाला कळायला हवे. यात थोडे गणित आहे, पण सातवीपर्यंतच्या शाळेत शिकलेल्या गुणाकार-भागाकारापलीकडचे काही नाही.

योजनेचा साधा आराखडा

पाड्यावर चाळीस घरे आणि २२० माणसे आहेत. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे, आम्हीही तेच धरले. म्हणजे रोज १२,१०० लिटर पाणी लागणार. त्या भागात भरवशाची वीज दिवसाला साडेतीन तास मिळते. पंपाने सेकंदाला १ लिटर पाणी दिले तर साडेतीन तासांत १२,६०० लिटर टाकीत पडते. गरज भागून थोडे उरते.

नाल्याकाठी विहीर आहे आणि टेकडीवर टाकी. मे महिन्यातल्या सर्वांत खालच्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंतची उंची ३४ मीटर आहे. पाइप एचडीपीईचा, आतून ३२ मिलिमीटर व्यासाचा, एकूण लांबी १२० मीटर. त्यातला ८ मीटर भाग विहिरीतून पंपापर्यंत, म्हणजे सक्शनचा.

पंपाच्या पाटीवर दोन आकडे महत्त्वाचे असतात. एक डिस्चार्ज, म्हणजे किती पाणी देतो. दुसरा हेड, म्हणजे ते पाणी किती मीटर उंच चढवण्याचा जोर त्यात आहे. हे दोन आकडे एकमेकांना बांधलेले असतात. डोक्यावर हंडा घेऊन चढणारी बाई चढ वाढला की सावकाश चालते, पंपाचेही तसेच. हेड वाढले की तो बंद पडत नाही, पाणी कमी देतो. त्यामुळेच अशी चूक लवकर लक्षात येत नाही. मोटार फिरते, टाकीत पाणी पडते आणि सगळे ठीक आहे असेच वाटते.

मी हेडचा हिशेब असा केला होता. उंची ३४ मीटर. पाइपच्या आतल्या भिंतीला घासून जाताना पाण्याचा काही जोर खर्च होतो. या व्यासाच्या पाइपमध्ये सेकंदाला १ लिटर पाणी जात असेल तर दर १०० मीटरला साधारण ६ मीटर हेड खर्च होते. १२० मीटरला ७.२ मीटर. बेरीज ४१.२. आम्ही ४२ मीटर हेडला सेकंदाला १ लिटर देणारा पंप घेतला, आणि थोडी सवलतही ठेवली या समाधानात मी होतो.

बादली आणि घड्याळ

आजी भेटली त्याच दुपारी टाकीवर चढून पाइपच्या तोंडाखाली १५ लिटरची बादली धरली. ती १५ सेकंदांत भरायला हवी होती. भरायला १७ सेकंद लागले. तीन वेळा मोजले, तिन्ही वेळा तेच.

दोन सेकंद कोणाला मोठे वाटणार नाहीत. पण साडेतीन तासांत या दराने १२,६०० ऐवजी सुमारे ११,१०० लिटरच पाणी चढते. गरजेपेक्षा हजार लिटर कमी, म्हणजे अठरा माणसांचा दिवसाचा वाटा, तीन-चार घरांचे पाणी. आणि ही तूट चाळीस घरांत सारखी वाटली जात नाही. खालचे नळ जोरात वाहतात, टाकी उतरत जाते आणि सर्वांत उंचावरचे व टोकाचे नळ आधी कोरडे पडतात. चूक कागदावर कुठेही झालेली असो, ती भोगावी लागते शेवटच्या घराला.

‘किरकोळ’ म्हटलेली घट

आमच्या मंडळीतले एक निवृत्त अभियंता काका आहेत. त्यांच्यासमोर मी कागद ठेवला. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारले, "यात वळणं कुठे आहेत?"

पाइपच्या वाटेत एल्बो असतात, टी असतात, व्हॉल्व्ह असतात. यांतल्या प्रत्येकात पाण्याचा थोडा जोर जातो. पुस्तकांत याला मायनर लॉस म्हणतात, म्हणजे किरकोळ घट. काका म्हणाले, हे नावच माणसाला फसवते.

ही घट का होते? पावसाळ्यात नाल्यातल्या मोठ्या दगडापाशी उभे राहून पाहा. सरळ पात्रात पाणी शांत जाते, पण दगडाला वळसा घालताना त्याच्या पाठीमागे भोवरे फिरतात. त्या भोवऱ्यांतले पाणी पुढे जात नाही, जागच्या जागी फिरत राहते. पाइपातल्या काटकोनी एल्बोत तेच घडते. पाणी बाहेरच्या भिंतीवर आदळते, आतल्या बाजूपासून सुटते आणि तिथे भोवरे तयार होतात. त्यांत गेलेला जोर परत मिळत नाही.

ही घट काढण्याची रीत सोपी आहे. आधी पाइपातल्या पाण्याचा वेग काढायचा, मीटर प्रति सेकंदात. त्याचा वर्ग करून १९.६२ ने भागायचे. १९.६२ म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ९.८१ या आकड्याची दुप्पट. जे उत्तर येईल त्याला आपण ‘वेगाचे हेड’ म्हणू. प्रत्येक फिटिंगला एक गुणांक असतो, त्याला ‘के’ म्हणतात. वेगाचे हेड गुणिले के, म्हणजे त्या फिटिंगमधली घट, मीटरमध्ये.

नेहमीच्या फिटिंगचे के साधारण असे धरतात:

• काटकोनी एल्बो: ०.९
• मोठ्या गोलाईचा बेंड: ०.४ ते ०.६
• टी, पाणी सरळ जात असेल तर ०.६, बाजूच्या तोंडातून वळत असेल तर १.८
• गेट व्हॉल्व्ह, पूर्ण उघडा: ०.२
• ग्लोब व्हॉल्व्ह, पूर्ण उघडा: १०
• झडपेचा एनआरव्ही: २.५
• जाळीसह फूट व्हॉल्व्ह, स्प्रिंगच्या उभ्या झडपेचा: १० च्या आसपास
• पाइपच्या तोंडातून टाकीत पडताना: १

हे आकडे देवाने दगडी पाट्यांवर कोरून दिलेले नाहीत. बनावटीप्रमाणे, मापाप्रमाणे ते बदलतात. कंपनीच्या पत्रकात आकडा दिलेला असेल तर तोच घ्यावा. पण या यादीवरून एक गोष्ट लगेच दिसते. गेट व्हॉल्व्ह आणि ग्लोब व्हॉल्व्ह, दोघांचे काम पाणी उघडणे-बंद करणे हेच. पण एकाचा के दुसऱ्याच्या पन्नास पट! गेट व्हॉल्व्हमध्ये पडदा पूर्ण वर जातो आणि वाट मोकळी होते. ग्लोब व्हॉल्व्हमध्ये पूर्ण उघडल्यावरही पाण्याला वर-खाली दोन वळणे घेऊनच जावे लागते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच, वर एक चाक असलेले.

आमच्या पाड्याचा खरा हिशेब

काकांनी मला पाड्यावर परत पाठवले आणि सांगितले, विहिरीपासून टाकीपर्यंत चालत जा आणि दिसेल ते प्रत्येक फिटिंग वहीत लिहून काढ. मी लिहिले. सक्शनला फूट व्हॉल्व्ह १० (गावात याला सरळ ‘फुटबॉल’ म्हणतात) आणि एक एल्बो ०.९. पंपानंतर एनआरव्ही २.५. चढणीवर आठ एल्बो, मिळून ७.२. टाकीजवळ एल्बो मिळाला नाही म्हणून एक तोंड बंद करून लावलेली टी, १.८. शेवटी टाकीत पडताना १. बेरीज २३.४.

३२ मिमी पाइपात सेकंदाला १ लिटर पाणी जाते तेव्हा वेग १.२४ मीटर असतो. वेगाचे हेड ०.०७९ मीटर, म्हणजे जेमतेम आठ सेंटिमीटर. २३.४ ने गुणले तर १.८५ मीटर.

आता राहिला तो ग्लोब व्हॉल्व्ह. तो लावताना मी समोरच उभा होतो. तालुक्याच्या दुकानात ३२ चा नव्हता, एक इंची होता. दोन्हीकडे रिड्यूसर लावून तो बसवला. मला विचारले तेव्हा मी म्हणालो, "चालेल." आतला व्यास २५ मिमी झाल्यावर तेच १ लिटर पाणी सेकंदाला २.०४ मीटर वेगाने जाते आणि वेगाचे हेड ०.२१२ मीटर होते. व्यास फक्त ७ मिमीने कमी झाला, पण वेगाचे हेड अडीच पटींहून जास्त वाढले, कारण या हिशेबात वेगाचा वर्ग येतो. व्हॉल्व्हचा के १० आणि दोन रिड्यूसरांचे मिळून साधारण ०.४५, म्हणजे १०.४५ गुणिले ०.२१२. एकट्या त्या ठिकाणी २.२ मीटर गेले. माझ्या ‘चालेल’ची किंमत ती.

एकूण किरकोळ घट ४.०५ मीटर. खरे हेड ३४ अधिक ७.२ अधिक ४.०५, म्हणजे सव्वापंचेचाळीस मीटर. पंप होता ४२ चा. बादलीला लागलेले ते दोन सेकंद असे आले होते.

आणखी दोन रीती

हाच हिशेब दुसऱ्या तऱ्हेनेही मांडता येतो. प्रत्येक फिटिंग म्हणजे किती मीटर जादा पाइप, असे धरायचे. आमच्या पाइपात एक एल्बो म्हणजे साधारण १.२ मीटर पाइप. एनआरव्ही म्हणजे ३.३ मीटर. ३२ मिमीचा ग्लोब व्हॉल्व्ह म्हणजे तेरा मीटर. गेट व्हॉल्व्ह मात्र फक्त एक वीतभर. प्लंबर बांधवांना ही रीत चटकन पटते, कारण पाइपची लांबी ही त्यांच्या रोजच्या हाताखालची गोष्ट आहे.

तिसरी रीत अंदाजाची. पाइपच्या घर्षणाची जी घट येईल तिच्या दहा टक्के फिटिंगसाठी धरायची आणि पुढे जायचे. अनेकजण असेच करतात आणि पाइप किलोमीटरभर लांब असेल, फिटिंग मोजकी असतील, तर ते चालूनही जाते. त्या लांबीपुढे दहा-बारा एल्बो खरोखर किरकोळ ठरतात. पण आमच्या १२० मीटरच्या पाइपला दहा टक्क्यांनी ०.७ मीटर आले असते आणि प्रत्यक्षात होते ४.०५. पाइप आखूड आणि वळणे जास्त असतील, किंवा पंपाभोवतीच व्हॉल्व्हांची गर्दी असेल, तिथे टक्केवारीवर विसंबू नये. यादी करून मोजावे. अर्ध्या तासाचे काम आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. घाबरून दुप्पट मोठा पंप घेणे हा उपाय नाही. तो वीज जास्त खातो, उन्हाळ्यात विहीर लवकर उपसतो आणि जादा पाण्याबरोबर वेग वाढला की प्रत्येक फिटिंगमधली घटही वाढते. सेकंदाला एकाऐवजी दोन लिटर पाणी न्यायचे म्हटले तर किरकोळ घट चौपट होते. आधी वाट मोकळी करावी, मग उरलेल्या हेडवर दहा टक्क्यांची सवलत ठेवून पंप निवडावा.

सक्शनची बाजू

पंपाच्या पुढे घट झाली तर पाणी कमी मिळते. पंपाच्या मागे, सक्शनला घट झाली तर पंपालाच इजा होते. म्हणून हा भाग वेगळा सांगतो.

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे तर विहिरीतल्या पाण्यावर असलेला हवेचा दाब ते पाणी पाइपात वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०.३ मीटर पाण्याच्या उंचीइतका असतो. डोंगरात तो कमी होतो. सहाशे मीटर उंचीवर, आमच्या पाड्यासारख्या ठिकाणी, तो सुमारे ९.६ मीटर. त्यातले ०.४ मीटर कोमट पाण्याच्या वाफेच्या दाबात जातात. उरले ९.२. सक्शनला जे काही लागेल ते एवढ्यातच भागवायचे असते.

मे महिन्यात पंप पाण्यापासून साडेसहा मीटर वर होता. ८ मीटर पाइपच्या घर्षणात ०.४८ मीटर, फूट व्हॉल्व्ह आणि एल्बोत ०.८६ मीटर. सगळे मिळून ७.८४. शिल्लक १.३६ मीटर. आमच्या पंपाला आत शिरताना किमान २ मीटर शिल्लक दाब लागतो, असे त्याच्या पत्रकात लिहिले होते. ते पत्रक मी वाचलेच नव्हते.

दाब इतका कमी झाला की पाणी पंपाच्या आत थंड असूनही उकळल्यासारखे होते. वाफेचे बुडबुडे होतात, पुढे जास्त दाबात जाऊन फुटतात आणि इम्पेलरचा धातू कुरतडतात. पाणी खाली गेल्यावर पंपातून अधूनमधून वाळू घोळल्यासारखा आवाज येत होता. आम्हाला वाटले बेअरिंग वाजते आहे. पाणी आणखी एखादा मीटर खाली गेले असते तर पंपाने पाणीच सोडले असते.

फूट व्हॉल्व्हची जाळी पानांनी, शेवाळाने भरली तर त्याचा के वाढतच जातो. हा भाग पाण्याखाली असल्यामुळे दिसत नाही आणि दिसत नाही म्हणून साफ होत नाही.

काय बदलले

नवीन मोटार घेतली नाही. चार गोष्टी केल्या.

एक, सक्शनचा पाइप आणि फूट व्हॉल्व्ह मोठा केला, आतून ५० मिमीचा. वेग निम्म्याहून खाली आला. सक्शनची सारी घट १.३४ मीटरवरून ०.२ मीटरवर आली आणि पंपाला २.५ मीटर दाब शिल्लक राहू लागला. खडखडाट थांबला.

दोन, ग्लोब व्हॉल्व्ह काढून पाइपच्या मापाचा गेट व्हॉल्व्ह लावला.

तीन, चढणीवरचे पाच एल्बो काढले. एचडीपीईचा पाइप वाकतो, मोठ्या गोलाईत नेता येतो. पाड्यावरच्या तरुणांनी एका दिवसात चर थोडा वळवून खणला आणि पाइप पायवाटेसारखा सावकाश वळत वर नेला. पहिल्या वेळी आम्ही तो घराच्या भिंती आखतात तसा काटकोनात आखला होता.

चार, टाकीजवळची टी काढून पाइप सरळ आत सोडला.

आता पुढच्या बाजूचे के फक्त ६.४ राहिले. त्यांची घट अर्धा मीटर, फूट व्हॉल्व्ह आणि सक्शनच्या एल्बोची ०.१४, एकूण ०.६५. पाइपचे घर्षणही सक्शन मोठा झाल्यामुळे ६.८ वर आले. एकूण हेड सुमारे साडेएकेचाळीस मीटर. तोच ४२ चा पंप आता पुरेसा झाला. सगळ्या बदलांचा खर्च नव्या मोटारीपेक्षा कितीतरी कमी आला, आणि सुरुवातीलाच यादी केली असती तर तोही वाचला असता.

पुन्हा टाकीवर चढून बादली धरली. पंधरा सेकंदांत भरली.

तुम्ही काय विचारू शकता

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशूने बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे. तो आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. मी हा दाखला कितीदा संदेशात वापरला आहे आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ शिष्यत्वाची किंमत असा सांगितला आहे. तो अर्थ खराच आहे. पण दाखल्यातला माणूस खराखुरा बुरूज बांधतो आहे आणि त्याचा हिशेब दगडांचा आहे, हे माझ्या लक्षात पाड्यावर आले. सेवा प्रेमाने केली म्हणून तिच्यातला चुकलेला हिशेब बरोबर होत नाही.

तुमच्या मंडळीपुढे कोणी पाणी योजनेचा प्रस्ताव घेऊन आले, आम्ही आलो तरी, हे पाच प्रश्न जरूर विचारा.

१. उंची मे महिन्यातल्या पाण्याच्या पातळीपासून मोजली आहे का, आणि कशाने? फोनमधल्या उंचीच्या आकड्यात बऱ्याच मीटरांची चूक असू शकते. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी टप्प्याटप्प्याने नेली तरी त्याहून खरी उंची मिळते.

२. पाइपचा व्यास सांगितला तो आतला की बाहेरचा? एचडीपीईचा पाइप बाहेरच्या व्यासावरून ओळखतात. बाहेरून ४० मिमी म्हणजे आतून साधारण ३२.

३. सर्व फिटिंगची यादी आणि त्यांची घट कागदावर आहे का? की दहा टक्के धरून सोडून दिले?

४. सक्शनला किती दाब शिल्लक राहतो आणि पंपाला किती लागतो?

५. काम झाल्यावर बादली लावून कोणी मोजले का? आणि सर्वांत शेवटच्या नळावर कोणी जाऊन पाहिले का?

हे प्रश्न अविश्वासाचे नाहीत. ज्यांच्या हातून काम होते त्यांना ते मदतच करतात. मला कोणी तिसरा प्रश्न विचारला असता तर एका आजीच्या नाल्यापर्यंतच्या खेपा वाचल्या असत्या.

पाड्यावर आता दोन तरुणांना ही यादी आणि हा हिशेब शिकवला आहे. महिन्यातून एकदा ते बादली आणि घड्याळ घेऊन टाकीवर जातात आणि सेकंद वहीत लिहितात. सेकंद वाढले की आधी फूट व्हॉल्व्हची जाळी वर काढून धुतात, मग व्हॉल्व्ह कोणी अर्धवट बंद केला नाही ना ते पाहतात. बहुतेक वेळा कारण या दोहोंतच सापडते.

गेल्या भेटीत आजीच्या नळाला पाणी होते. तिने मला त्याबद्दल काही सांगितले नाही. भांडी घासलेले पाणी दारात साचते, त्याचे काय करायचे, एवढेच विचारले. तेव्हा पुढचे काम शोषखड्ड्याचे आहे. त्यासाठी आणि त्या दोन तरुणांसाठी प्रार्थना करावी, ही विनंती.

प्रभूच्या सेवेत,
तुमचा बंधू